लाल बटण दाबलेली कॅसेट

बाळांनो, मंगळवारी तुमचे व्हिडिओ कॉल मी उचलले नाहीत. त्या दिवशी मी जबल अलीच्या एका गोदामात होते. का, ते आत्ताच लिहून ठेवते. आणखी काही दिवस गेले तर माझी चूक मी सौम्य करून सांगेन.

तुमच्या जन्माआधी मी इथे दुबईत एका इंग्रज दिग्दर्शकाच्या ऑफिसात कॅसेट्सचं रजिस्टर सांभाळायची. साहेब तिकडे इंग्लंडात टेलिव्हिजनवर नाटकं करायचे, इथे येऊन निर्माते झाले. त्यांची सुरुवातीची सगळी नाटकं तिकडच्या लोकांनी पुसली होती. टेप महाग, म्हणून तीच पुन्हा वापरायची. हे ते हसत सांगायचे, पण शूटिंग संपलं की प्रत्येक कॅसेटचं लाल बटण स्वतः दाबायचे. ते दाबलं की त्यावर नवं रेकॉर्डिंग होत नाही.

मी मात्र काटकसरी. जाहिरातींना टेप कमी पडली की ती बटणं पुन्हा वर काढायची. लेबलही कॅसेटवर न लावता डब्यावर लावायची, म्हणजे कॅसेट पुढच्या कामाला मोकळी.

रविवारी त्यांच्या मुलीचा इंग्लंडहून मेल आला. साहेबांना आता फारसं आठवत नाही, पण मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पमधली आपली कोकणातली माणसं रोज आठवतात. त्यांच्या मुलाखती साहेबांनी घेतल्या होत्या, मी दुभाषी होते. ती फिल्म कुणी विकत घेतली नाही. त्यातलं काही सापडेल का, असं तिने विचारलं होतं. ऑफिसचं उरलंसुरलं सामान त्या गोदामात होतं, आणि ते मंगळवारी भंगारात जाणार होतं.

जाऊन बघते तर जागा वाचवायला कुणीतरी डबे फेकून दिलेले. नऊ खोकी भरून उघड्या कॅसेट्स, एकीवरही नाव नाही.

"काकू, सगळ्या सारख्याच," गोदाम सांभाळणारे राजापूरचे गृहस्थ म्हणाले. "कुठलीही एक न्या. साहेबाला आता काय कळतंय?"

"मला कळतंय ना. रजिस्टर मीच सांभाळायची."

"मग बसा. पाचला ट्रक आला की खलास. चहा सांगू? की त्याचीही रजिस्टरात नोंद लागते?"

मी एकेका कॅसेटच्या कडेवरून अंगठा फिरवू लागले; बटण दाबलेलं असेल तीच माझ्या हातून वाचलेली. बटण वर. हेही वर. प्रत्येक वेळी वाटायचं, हे मीच काढलेलं. चार वाजले तेव्हा दोन खोकी उरली होती. ते गृहस्थ शेजारी बसले आणि त्यांनी एक खोकं पुढ्यात ओढलं.

"काकू, हे दाबलेलं आहे बघा."

बुधवारी एका जुन्या स्टुडिओत ती लावून पाहिली. कॅम्पातल्या बंक-पलंगावर बसलेला एक माणूस, आणि कॅमेऱ्यामागून माझा तरुण आवाज: "घरी काय कळवू, भाऊ?"

बाकीच्या मुलाखती मीच पुसल्या असणार. साहेबांच्या मुलीला तसं स्पष्ट लिहिलं. कॅसेटची प्रत पाठवली आहे, मूळ माझ्या कपाटात आहे. वीस मिनिटं आहेत, आवाज स्वच्छ आहे.