मलकपेठेतला बंद पडलेला लॅपटॉप

ती घटना आठवली की आजही माझा थोडा गोंधळ उडतो. चोरीचा माल हाती आला की तपास बहुधा संपत आलेला असतो. या प्रकरणात माल दुसऱ्याच दिवशी सापडला आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी पुण्या-मुंबईची मुलं हैदराबादेत यायला लागली होती. मी तेव्हा मलकपेठ भागात सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं मूळचं मराठवाड्यातलं, शेतीवाडीचं. पण वडिलांपासून आम्ही हैदराबादचेच. त्यामुळे मराठी फिर्यादी आला की ठाण्यातले लोक त्याला सरळ माझ्या टेबलाकडे पाठवत.

त्या दिवशी आलेला तरुण पुण्याचा होता. कंपनीच्या कामासाठी बंगळूरला गेला होता, ठरल्यापेक्षा लवकर परतला, तर कपाटात ठेवलेला लॅपटॉप जागेवर नाही. लॅपटॉप कंपनीचा. त्यात परदेशी गिऱ्हाइकाचं काम होतं आणि ते गेलं तर नोकरीही जाईल, असं त्याचं म्हणणं.

"दाराची कडी तुटली आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"आणखी काय गेलंय?"

"काहीच नाही. बायकोचे दागिने त्याच कपाटात होते. ते आहेत."

मी लिहिता लिहिता थांबलो. दागिने सोडून मशीन नेणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर लॅपटॉपही पाहिला नव्हता. तो केवढा असतो हे त्याने मला हातांनी दाखवलं.

"संशय कोणावर?"

"कामवाली बाई. घरात दुसरं कोण येतं?"

एफ.आय.आर. नोंदवून मी पंचनाम्याला गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. फिर्यादीची बायको पंचविशीची, अबोल. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नावर आधी वडिलांकडे बघायची. हे वडील, म्हणजे फिर्यादीचे सासरे, जवळच राहत आणि दिवसभर मुलीकडे असत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आमच्यासारखेच जुन्या हैदराबाद संस्थानातले. माझ्या हेड कॉन्स्टेबलला त्यांनी "तशरीफ रखिये" म्हणत खुर्ची दिली, तेव्हा तो बिचारा अवघडून उभाच राहिला.

कामवाली बाई तेलुगू होती, चाळिशीची. महिला कॉन्स्टेबलला सोबत घेऊन आम्ही तिला जीपमधून ठाण्यात आणलं. तिने रडारड केली नाही, शिव्याशापही दिले नाहीत. एवढंच म्हणाली, "मैं वो डब्बे को पोंछती भी नहीं सार. अम्मा बोले, हात नक्को लगाओ."

खोटं बोलणारी माणसं फार बोलतात, हा माझा अनुभव. ही बाई विचारलं तेवढंच बोलत होती. संध्याकाळी तिला घरी सोडलं आणि सकाळी पुन्हा यायला सांगितलं. सकाळी ती आपणहून आली आणि बाकावर बसली.

त्याच सकाळी खबर आली. सुलतान बाजारात जुनी पुस्तकं विकणारा एकजण मला अधूनमधून माहिती द्यायचा; आदल्या संध्याकाळी मी त्यालाही विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "साब, पिछली गल्ली में कॉम्प्युटर रिपेअर की दुकान है ना, उधर वैसाच एक छोटावाला आया बोलके सुना मैं."

तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही दुकान गाठलं. दुकानदार तरुण होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला, पण त्याने काही लपवलं नाही. लॅपटॉप समोरच्या फळीवरच होता. मागचा नंबर फिर्यादीने दिलेल्या नंबराशी जुळला. माझ्या दृष्टीने केस संपली होती.

"चालू करके दिखा," मी म्हणालो.

त्याने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन पांढऱ्या ओळी उमटल्या आणि मशीन तिथेच अडकलं.

"क्या बोल रहा ये?"

"ओरिजिनल डिस्क मंगरा साब. मशीन के साथ आती वो. उसके बगैर चालू होताच नहीं."

"दूसरी डाल."

"दूसरी डाले तो अंदर का सब साफ हो जाता साब. फिर मेरेकू नक्को पूछना."

माल मिळाला होता आणि मिळाला नव्हताही. फिर्यादीला हवं होतं ते आतलं काम, आणि ते आत आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जप्तीच्या कागदावर या मशीनची स्थिती काय लिहावी, यावर मी आणि हेड कॉन्स्टेबल बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी 'बंद अवस्थेत' असं लिहिलं.

मग मी दुकानदाराला बाजूला घेतलं. "किसने लाके दिया?"

"एक बुजुर्ग थे साब. दो बार आके पूछे भी, डिस्क मिलरी नहीं, उसके बगैर नहीं होता क्या बोलके."

"दो बार आए?"

"हौ साब. बहुत परेशान थे. उनकी उर्दू क्या बोलूं, किताब के जैसी. आजकल कौन बोलता वैसी?"

मी तिथल्या स्टुलावर बसलो. चोर माल टाकतो आणि पाठ फिरवतो. हा माणूस पुन्हा पुन्हा येऊन मशीन सुरू होण्याची वाट बघत होता. आणि ती पुस्तकी उर्दू मला ओळखीची होती. निजामाच्या काळात आमच्याकडची मुलं घरी मराठी बोलायची आणि शाळेत उर्दू शिकायची. माझे वडील तसेच बोलत. पुण्याच्या त्या जावयाच्या घरात असं बोलणारा एकच माणूस होता.

दुपारी मी साध्या कपड्यांत एकटाच त्या घरी गेलो. जावई ऑफिसात होता. सासरे गॅलरीजवळ खुर्ची टाकून बसले होते.

"काका," मी म्हणालो, "सुलतान बाजारातलं ते मशीन आम्ही ताब्यात घेतलंय. दुकानदाराने तुमचं वर्णन सांगितलं."

त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. ते काही बोलण्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी म्हणाली, "बाबांना काही विचारू नका. मी दिलं होतं त्यांच्याकडे."

मग सगळं बाहेर आलं. ती बी.एस्सी. झालेली. डॉक्टरांनी सांगितलेला मजकूर ऐकून टाइप करण्याचं काम तेव्हा हैदराबादेत नवीन निघालं होतं. तिला ते मिळवायचं होतं, पण टाइपिंगचा वेग कमी पडत होता. नवरा टूरवर असला की ती दुपारी लॅपटॉप काढून सराव करायची. फूटपाथवरून घेतलेली सरावाची एक सीडी तिने त्यात घातली आणि मशीन बंद पडलं ते पडलंच. नवरा यायच्या आत दुरुस्त करून कपाटात ठेवायचं, असं बापलेकीनं ठरवलं. तो लवकर आला.

"मग फिर्याद द्यायला निघाले तेव्हा सांगायचं ना," मी म्हणालो.

"चपला घालून ते निघालेसुद्धा. माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. नंतर तुम्ही आलात, पंचनामा झाला, मग तर धीरच होईना."

"आणि ती बाई?"

सासऱ्यांनी मान वर केली. "बाईंची विचारपूस करून सोडलं ना? जावई तसंच म्हणाले."

"काल सोडलं. आज सकाळपासून पुन्हा ठाण्यात बसून आहे."

"मी येतो," म्हणत ते उठले आणि कोट शोधायला लागले. कोट त्यांच्या अंगातच होता.

मी त्यांना थांबवलं. मशीन सुरू झाल्याशिवाय जावयाचं नुकसान झालं की नाही ते कळणार नव्हतं. डिस्क कुठे आहेत, एवढंच मी विचारलं.

"ह्यांच्या ऑफिसात असतील," मुलगी म्हणाली. "विचारणार कसं?"

"मी सगळं घर पालथं घातलं साहेब," सासरे म्हणाले. "माळासुद्धा. कुठेच नाहीत."

"दिसतात कशा त्या?" मी विचारलं, कारण मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी बोटांनी हवेत एक चौकोन काढला. "काळ्या, चौकोनी, चपट्या. आमच्या खात्यात होत्या शेवटी शेवटी."

मुलगी गडबडली. "बाबा, त्या फ्लॉपी. ह्या गोल असतात. चकचकीत."

सासरे हळूच मागे वळून गॅलरीकडे बघायला लागले. तिथे कबुतरांचा त्रास होता. कबुतरं बुजावीत म्हणून त्यांनी दोऱ्याला चकचकीत चकत्या बांधून टांगल्या होत्या. टेबलाच्या खणात बेवारशी पडलेल्या, कोणी वापरत नाही असं समजून घेतलेल्या. महिनाभर त्या उन्हात गरागरा फिरत होत्या. त्यातल्या दोन मुलीने टाकून दिलेल्या सरावाच्या होत्या; सगळ्या तसल्याच असतील असं ती समजत होती. उरलेल्या तिन्हींवर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव छापलेलं होतं.

मी स्वतः खुर्चीवर चढून त्या उतरवल्या. त्यांच्यावर काय काय होतं ते लिहीत नाही.

ठाण्यात माझ्या टेबलावर दुकानदाराने त्या मऊ फडक्याने पुसल्या. बापलेक माझ्याबरोबर आली होती, जावयालाही बोलावलं होतं. पहिली डिस्क मशीनने बाहेर ढकलली. पुन्हा पुसून घातली, तेव्हा आत काहीतरी घरघरलं. बराच वेळ आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत होतो. मग रंग आले. जावई पुढे सरकला, चारदोन ठिकाणी उघडून बघितलं आणि खुर्चीत मागे रेलला. त्याचं काम जागेवर होतं.

"कुणी नेलं होतं?" त्याने मला विचारलं.

उत्तर त्याच्या बायकोने दिलं. सगळं, एका दमात, मान खाली न घालता. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो गोंधळला.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

त्याला ते आठवलं असावं. त्याने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. त्या दोघांचं नंतर काय झालं ते मला माहीत नाही. तो पोलिसांचा विषयही नव्हता.

गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून कागद पुढे पाठवायचे होते. मी बाकावरच्या बाईकडे गेलो आणि सांगितलं, "अम्मा, तुम्हारे ऊपर कुछ नहीं है. घर जाओ."

ती उठली नाही. "घर कैसे जाना सार? चार घरां में काम करती. चारों ने कल शाम को नक्को बोल दिए."

"मैं फोन करके बोल देता."

"फोन नक्को सार. सबके सामने जीप में बिठाके लाए. अब सबके सामने बोलो."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी मागणी कोणी केली नव्हती. मुद्देमाल परत करायला अर्ज असतो, पावती असते, कोर्टाचा हुकूम असतो. यासाठी काय करायचं ते कुठल्याच नियमात नव्हतं. हेड कॉन्स्टेबल माझ्या तोंडाकडे बघत होता. मी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली.

त्या इमारतीच्या आवारात मी तिच्याबरोबर उतरलो. पोलीस बघून लोक आपोआप गोळा झाले. मी मोठ्याने सांगितलं की वस्तू घरातल्या माणसांनीच दुरुस्तीला दिली होती, या बाईने काहीही घेतलेलं नाही, आणि कोणी तिला चोर म्हटलं तर ते खोटं आहे. आधी मराठीत बोलून गेलो, मग ध्यानात आल्यावर हिंदीत आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत. जावई मागे उभा होता. तो पुढे आला आणि तिला म्हणाला, "गलती मेरी है. कल से आइए."

"नक्को सार," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हारे घर को नहीं आती." आणि ती समोरच्या जिन्याने दुसऱ्या घरी गेली. तिथल्या बाईने दार आधीच उघडून ठेवलं होतं.

तपास म्हणजे हरवलेली वस्तू शोधणं, असं मी तोवर समजत होतो. या प्रकरणात वस्तू शोधायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. आपण संशयावरून उचललेला माणूस निर्दोष निघाला तर त्याला नुसतं सोडून भागत नाही, हे मात्र मला एका भांडी घासणाऱ्या बाईने शिकवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत, असा माणूस सुटला की मी गणवेशातला एक शिपाई त्याच्या बरोबर पाठवायचो. दाराशी नाही, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगायचं, अशी त्याला ताकीद असायची.