बेगमबीच्या हाती लागलेलं माप

सास्तूरची बेगमबी मणियारीण बांगड्या भरायला बसली की आधी बाईचा हात दाबून बघायची आणि मग घरातलं सगळं विचारायची. निजामाचा फौजदारही इतक्या चौकशा करत नसेल. पंचक्रोशीतल्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती.

१९४४च्या नागपंचमीला ती नागम्माच्या घरी गेली. नागम्माची सून अनसूया वर्षभर यकृताच्या दुखण्यानं बेजार होती. डोळे पिवळे, पोट घागरीएवढं. शेजारणींना वाटे, पोरगी अंगानं भरली. बेगमबीनं अडीचच्या बांगड्या चढवल्या, तर त्या सरळ कोपरापर्यंत गेल्या. गेल्या साली याच मापाच्या बांगड्या भरताना अनसूया कळवळली होती.

"काकी, प्वाट वाढतंय आन् हात वाळतोय. ह्ये कसं?" बेगमबीनं नागम्माला विचारलं.

"प्वाट उतरावं म्हून तर आठ म्हैने डाळ, दूध समदं तोडलंय. निस्ती मिठाची पेज देते," नागम्मा म्हणाली. पथ्य पाळण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

बेगमबीला चैन पडेना. तिनं आठ दिवस नागम्माचं डोकं खाल्लं, गाडी जुंपायला लावली आणि स्वतःही त्यांच्यासोबत सोलापूरला गेली. तिथल्या डॉक्टरांनी अनसूयेचं रक्त तपासलं. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन चारच्या जागी जेमतेम दोन निघालं.

"रक्ताचा आन् पोटाचा काय संबंध जी?" बेगमबीनं विचारलंच.

डॉक्टर हसले, पण त्यांनी नीट समजावलं. "हे प्रथिन यकृतात बनतं आणि पाणी रक्तात धरून ठेवतं. यकृत थकलंय, त्यात पोटाला धड अन्न नाही. प्रथिन घटलं, पाणी पोटात झिरपलं. हात वाळला ती उपासमार. तोडायचं ते मीठ तोडा. डाळ-दूध द्या."

"पुरी बरी व्हईल?"

"तसं सांगवत नाही. ताकद राहिली तर झुंजेल."

घरी येताच नागम्मानं तूरडाळ शिजवली आणि अळणी वरण भातावर वाढलं. अनसूयेनं ताटली चाटूनपुसून साफ केली.

"आत्याबाई, अजून थोडं वाढता?" तिनं भीतभीत विचारलं.

नागम्माला हुंदका फुटला. "आठ म्हैने ह्येच मागत व्हतीस, पोरी. म्या मायेनं उपाशी ठिवलं तुला."