कोपऱ्यातला रुमाल

आयुष्यातल्या पहिल्या बास्केटबॉल सामन्यात मी समोरच्या मुलीचा घोटा धरला. ती चेंडू आपटत आमच्या बाजूला शिरली, माझ्या जवळून गेली, आणि मी सवयीने खाली वाकून तिचा पाय पकडला. ती तोंडावर पडली. पंचांनी शिट्टी वाजवली तरी मी सोडला नाही, कारण ती अजून रेषेपार गेली नव्हती. शेवटी पंच जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, सोडा तिला." त्यांना राग आलेला नव्हता. त्यांना धक्का बसला होता.

त्यांना काय माहीत, आमचा सगळा संघच कबड्डीतून उचलून आणलेला होता. धरणगावजवळच्या आमच्या गावात शाळेपासून आम्ही दोघी बहिणी कबड्डी खेळायचो. अक्का चढाईला जायची, मी डावा कोपरा सांभाळायची. अक्का माझ्याहून दीड वर्षाने मोठी. अक्काच्या मागोमाग वर्षाने मीही जळगावला कॉलेजात आले तर तिथल्या क्रीडाशिक्षकांना म्हणजे आमच्या सरांना वरून आदेश आला होता, की मुलींचा बास्केटबॉलचा संघ पाहिजे. सर स्वतः खो-खोचे माणूस. त्यांनी नियमांची एक पुस्तिका मागवली, अर्धी वाचली आणि आम्हाला मैदानात उभं केलं. पहिले काही आठवडे बचाव करताना आमच्यातल्या दोघी-दोघी एकमेकींचे हात धरून साखळी करायच्या. सर कपाळाला हात लावून बसायचे.

अक्काला मात्र हा खेळ लगेच लागू पडला. चढाईत जी चपळाई लागते तीच इथे कामाला आली. चेंडू हातात आला की ती तिघींमधून निसटून रिंगखाली पोचायची. संघाचे बहुतेक गुण तिचेच. मी लांब हातांची, सावकाश पायांची. मला पास द्यायचा कुणाला विचारही सुचत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही तो नकोच असायचा.

हे सगळं गमतीवारी चाललं असतं. पण त्या वर्षी दिवाळीत नाना, म्हणजे आमचे वडील, जळगावला आले. आम्ही आत्याच्या घरी मागच्या खोलीत राहायचो. आत्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि ती खोली आता नव्या जोडप्याला लागणार होती. नानांनी चहा पिता पिता सांगून टाकलं.

"वसतिगृहमा जिले जागा भेटी, ती ऱ्हाई. दुसरी घर यी."

नाना वाईट माणूस नव्हते. मुलींना भाड्याच्या खोलीत एकटं ठेवायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि त्यावर वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती. वसतिगृह केव्हाच भरलेलं होतं. फक्त विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या मुलींसाठी तिथे राखीव जागा असायच्या. निवड व्हायची धुळ्याच्या स्पर्धेत. अक्काची निवड होणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं, ते पूर्ण व्हायलाच हवं होतं. मी पहिल्या वर्षाला, मी घरी जाणार हे मी मनाशी मान्यही करून टाकलं होतं. माझं काम एकच, अक्काचे गुण होतील असं खेळायचं.

त्याच हिवाळ्यात सरांच्या घरी केबल आली. एका रविवारी सकाळी त्यांनी आख्ख्या संघाला घरी बोलावलं. वहिनींनी चहा आणि खारी दिली, आम्ही सतरंजीवर दाटीवाटीने बसलो, आणि टीव्हीवर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंचा सामना लागला. ती माणसं इतकी उंच, की पहिली पाच मिनिटं आम्ही नुसत्या हसत होतो. नंतर हसू थांबलं.

कारण चेंडू एकाकडे होता आणि बाकीचे चौघे त्याच्यापासून लांब पळत होते. आमच्याकडे चेंडू जिथे, तिथे नऊ जणी. इथे एक जण तर पार कोपऱ्यात जाऊन, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला.

"चेंडू सोडीसन ह्या बठ्ठा लांब काब्र पळतस?" अक्काने विचारलं. सगळे लांब का पळतात, हे आम्हालाही कळत नव्हतं.

सर टीव्हीच्या इतके जवळ सरकले होते की मागच्यांना दिसेना. त्यांचं बोट पडद्यावरच्या कोपऱ्यातल्या माणसाच्या रक्षकावर, म्हणजे त्याला अडवायला नेमलेल्या समोरच्या खेळाडूवर होतं. तो बिचारा मध्ये धावून जायला बघत होता, पण त्याला कोपरा सोडवेना. त्यामुळे रिंगखालची जागा ओस पडली होती, आणि ज्याच्या हातात चेंडू होता तो त्या मोकळ्या जागेतून सरळ आत शिरला. थोड्या वेळाने आणखी एक अजब झालं. कुणी कुणाला धक्का मारला नाही, चेंडू बाहेर गेला नाही, तरी पंचांनी शिट्टी वाजवली. एक रक्षक आपला माणूस सोडून मध्येच घुटमळत होता म्हणून त्याच्या संघाला दंड झाला. सरांनी ते नीट पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजतागायत विसरले नाही. इतके महिने आपण चुकीचाच खेळ शिकवला, असा तो चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी मैदानात सरांनी आम्हाला गोल बसवलं. "एस.टी.त जागा कशी धरता?" त्यांनी विचारलं. खिडकीतून रुमाल टाकून, आम्ही म्हणालो. "रुमाल बसलेला असतो का तिथे? नाही. पण कुणी त्या जागेवर बसतं का? नाही. कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी म्हणजे रुमाल. तिने काही करायचं नाही. तिची रक्षक तिला सोडून हलू शकत नाही, नियमच आहे तसा. मध्ये जागा मोकळी, आणि चेंडूवाली आत." चेंडूवाली म्हणजे अक्का. रुमाल कोण, हे सांगायची गरज पडली नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

तेव्हापासून माझं नावच रुमाल पडलं. अक्का चेंडू घेऊन निघाली की ओरडायची, "रुमाल!" आणि मी कोपऱ्यात पळायची. "तू तठेच उभी ऱ्हाय, हालू नको," एवढंच तिचं मला सांगणं असे. आणि काय आश्चर्य, ते चालायला लागलं. आमच्या भागात सगळे संघ एकीला एक धरून खेळायचे, त्यामुळे माझ्यामागे एक जण यायचीच. धुळ्याच्या स्पर्धेत आम्ही सामन्यामागून सामने जिंकत अंतिम फेरीत गेलो. मी एकही गुण केला नव्हता. फक्त मला उभं राहून राहून कंटाळा येई, म्हणून मी कोपऱ्यातल्या कोपऱ्यात पुढेमागे सरकायची, रक्षकेची पाठ वळली की दोन पावलं रिंगकडे टाकायची. ती दचकून परत माझ्याकडे वळायची. मला त्याची मजा वाटे.

अंतिम सामना यजमान धुळ्याच्या कॉलेजशी होता. सिमेंटचं मैदान उन्हाने तापलेलं, भोवती बाकांवर गर्दी, आणि एका टेबलामागे निवड समितीच्या एक वयस्क बाई छत्री उघडून बसलेल्या. अक्काने पहिल्याच वेळी चेंडू घेतला आणि ओरडली, "रुमाल!" मी कोपऱ्यात पळाले, वळून पाहिलं, तर माझ्यामागे कुणीच नव्हतं.

मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्यांदाही तेच. धुळ्याच्या पाचही जणी रिंगभोवती पंजे पसरून उभ्या होत्या आणि त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी कोपऱ्यात एकटी, माझ्या आसपास बैलगाडी वळवता येईल एवढी मोकळी जागा. अक्का आत शिरायची आणि पाच जणींच्या हातांत अडकायची. आमचा रुमाल उचलून फेकून देऊन लोक जागेवर बसले होते, आणि कंडक्टर काही बोलत नव्हता.

मध्यंतराला सर तावातावाने पंचांकडे गेले. आम्ही मागोमाग. "त्या मुली आपला माणूस सोडून मध्ये उभ्या आहेत. हे बेकायदेशीर आहे. दंड द्या."

पंचांनी सरांकडे नीट पाहिलं. "सर, हा झोन आहे, माणूस न धरता जागा धरायची. आपल्याकडे चालतो."

"मी स्वतः पाहिलंय, दंड देतात."

"कुठे पाहिलंत?"

"टीव्हीवर."

"तो अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांचा नियम आहे, सर. फक्त त्यांच्यापुरता. पुस्तिकेत कुठेच नाही तो."

मला सरांची दया आली आणि रागही आला. अर्धी वाचलेली ती पुस्तिका माझ्या डोळ्यांसमोर नाचत होती. अक्का पाण्याची बाटली हातात धरून तशीच उभी होती, पीत नव्हती. आम्ही बरंच मागे होतो, आणि तिच्या नावावर तोपर्यंत फारसं काही जमा नव्हतं.

मग मी तोंड उघडलं. संघाच्या बैठकीत मी कधी बोलत नसे, त्यामुळे सगळ्या चमकल्या. मी म्हणाले, "त्या मला धरत नाहीत, तर चेंडू मला द्या. मी टाकते."

"तू?" अक्का म्हणाली. ती तुच्छतेने नव्हती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

उत्तरार्धात तिने तीन जणींच्या मधून चेंडू माझ्याकडे भिरकावला. मी पहिला टाकला तो रिंगलाही लागला नाही आणि धुळ्याची सगळी गर्दी हसली. दुसरा फळीला लागून आत गेला. तिसरा कशालाही न लागता आत गेला, आणि तो मी टाकला होता हे मलाच पटेना. पुढच्या वेळी मी कोपऱ्यात गेले तर एक जण धावत माझ्यामागे आली. मध्ये जागा झाली. अक्का तिथून वाऱ्यासारखी निघून गेली. त्यानंतर तिने किती वेळा गुण केले, मोजायला कुणाला सवड नव्हती. आम्ही जिंकलो. मुलींनी अक्काला खांद्यावर घेतलं, आणि मी खाली उभी राहून टाळ्या वाजवत मनात म्हणाले, झालं, अक्काचं वर्ष वाचलं.

बाईंनी छत्री मिटली आणि निवडलेल्यांची नावं वाचली. आमच्या कॉलेजमधून एकच नाव होतं, आणि ते माझं होतं.

मी हललेच नाही. मला वाटलं, आडनाव एक असल्यामुळे घोटाळा झाला. सरांनाही तेच वाटलं. ते मला हाताला धरून टेबलाकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "बाई, मोठी बहीण म्हणायचंय ना तुम्हाला? सगळे गुण तिचे आहेत." अक्का आमच्या मागेच उभी होती.

"मोठीला नाही, हिलाच," बाई म्हणाल्या. "चेंडू हातात असला की सगळ्याच खेळतात. मी तीन दिवस चेंडू नसलेल्यांकडे बघतेय. ही कोपऱ्यात असते तेव्हा समोरच्या मुलीला क्षणभर स्वस्थता नसते. बचावात ही सगळ्यांच्या पायांकडे लक्ष ठेवून असते, कोण कुठून घुसणार हे हिला आधी कळतं. मोठी चांगली आहे, पण तिच्यासारख्या माझ्याकडे आहेत. चेंडू हातात नसला की ती उभीच राहते."

त्यांच्या बोलण्यात कुठेही खोट नव्हती, आणि म्हणूनच मला ते सहन होईना. मला रडू आलं. माझी निवड झाली म्हणून लोक माझं अभिनंदन करत होते आणि मला वाटत होतं, कुणाच्या तरी ताटातला घास माझ्या तोंडात कोंबला जातोय.

स्टँडकडे जाताना मी अक्काला म्हणाले, "मी सांगस त्यास्ले, मन्ही जागा तुले द्या म्हनीन."

"येडी शे का तू?" एवढंच ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

जळगावची गाडी लागली तशी झुंबड उडाली. अक्का नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे. गर्दीतून घुसून तिने खिडकीतून आपला रुमाल आत टाकला. मी धक्के खात आत पोचले तेव्हा ती त्या जागेपाशी उभी होती. तिने रुमाल उचलला आणि मला म्हणाली, "बस."

"आनि तू?"

"जागा तुन्ही शे."

मी बसले. तिने रुमाल माझ्या मांडीवर टाकला आणि वरची दांडी धरली. पारोळ्याला माझ्या शेजारचा माणूस उतरला. मी पटकन तिचा रुमाल त्या जागेवर पसरला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीचा हात धरून तिला तिथे बसवलं. एरंडोलला गाडी थांबली. आमच्या गावी जायचं तर तिथेच उतरून धरणगावची गाडी धरायची, आणि ती आत्ताच उतरते की काय या भीतीने मी तिची ओढणी मुठीत घट्ट धरली. ती उतरली नाही. निम्मी गाडी रिकामी झाली, पुढे बाकं मोकळी पडली, सरांनी तिला बसायला दोनदा हाक मारली.

चेंडू हातात नसला की ती उभीच राहते, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. जळगाव येईपर्यंत अक्का माझ्या शेजारी उभीच होती.