पंचमीचा झोका आणि वीस फुटी पाईप

जळकोटच्या धुरपदाबाईनं उभ्या आयुष्यात कुठलीच वस्तू सांगितल्या भावात घेतली नाही. नवरा बलभीम बैलांचा दलाल. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवताना भल्याभल्यांना गार करणारा गडी, पण घरी आला की बायकोसमोर हात खिशात घालून बसायचा. बांगडीवाला तर तिचा आवाज ऐकला की गल्लीच बदलायचा. अशी ही बाई साठी ओलांडल्यावर पाईपाच्या दुकानात शिरली आणि तिथं तिची अशी काही भंबेरी उडाली की विचारू नका.

कारण होतं निकिता. एकुलती एक लेक, सोलापुरात दवाखान्यात नर्स. आधी दर पंचमीला माहेरी यायची. रस्त्याकडेच्या थोरल्या लिंबाला बायका झोका बांधायच्या आणि निकिता फळीवर उभी राहून तो असा चढवायची की खाली उभ्या बायकाच डोळे झाकून घ्यायच्या. पुढं रस्ता रुंद झाला, लिंब गेला. चार पंचम्या झाल्या, पोरगी आली नाही. फोनवर म्हणायची, "झोका तरी राहिलाय का आता, आई? येऊन काय भिंतीकडं बघत बसू?" ती हसत म्हणायची, पण धुरपदाबाईच्या काळजाला ते घरं पाडायचं.

"झाड न्हाय तर न्हाय," यंदा तिनं जाहीर केलं. "लोखंडाचा झोका उभा करते. मग बघू पोरगी कशी येत न्हाय ती!"

गल्लीतल्या बायकांनी भराभरा वर्गणी दिली. पंचमीला सोळा दिवस होते. वेल्डर म्हणाला, वीस फुटी जाड पाईप पाच आणा, चार पायांना, एक आडवा. आणि पाय सिमेंटात रोवल्यावर आठ दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही.

हायवेवर कल्याणप्पांचं पाईपाचं दुकान. माणूस सरळ, फक्त एक प्रश्न विचारला की पुराण लावणारा. त्यांनी भाव सांगितला. धुरपदाबाई गालात हसली, "बघू," म्हणाली आणि चालती झाली. संध्याकाळी आप्पा शटर ओढायला लागले, तर बाई परत दारात.

"आप्पा, आता काय भाव?"

"सकाळचाच की, आक्का."

"असं कसं? बाजार उठायला लागला. या टायमाला कोथिंबीर निम्म्यानं मिळती."

"कोथिंबीर सुकती, आक्का! पाईप सुकत न्हाय!"

पण ऐकेल ती धुरपदाबाई कसली! तीन दिवस रोज शटरच्या वेळेला हजर. दुकानदार किती दिवस दम धरतोय, म्हणत होती. चौथ्या दिवशी आप्पांनी भाव सांगितला तो चढा.

"अवो, त्योच पाईप, तीच मांडणी!" बाई कडाडली. "रातीतनं त्याला काय शिंगं फुटली?"

आप्पांना हेच पाहिजे होतं. त्यांनी पान थुंकलं, स्टूल पुढं ओढलं. "बसा, आक्का. खाणीतला दगड म्हागला की लोखंड म्हाग. भट्टीला कोळसा लागतो, त्यो येतो जहाजातनं, जहाजाचं भाडं वाढलं की गेला वर. गंजू नये म्हणून वरनं जस्ताचा मुलामा, त्या जस्ताच्या उड्या निराळ्याच. मग ट्रकचं डिझेल. त्यात कुठं मोठं पूल निघालं की सगळा माल तिकडं पळतो. म्या हितं बसून काय करतो? सकाळी मोबाईल बघतो. कारखान्याचा मेसेज येतो, त्योच भाव."

"म्हंजे माझा झोका कोळशाच्या जहाजावर अडकलाय व्हय?"

"व्हय!" आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. पंचवीस वर्षांत इतक्या चटकन कुणालाच समजलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाईला पाईपाचं वेडच लागलं. रोज निकिताला फोन. "आज किलोमागं रुपाया चढला बग. जस्तानं घात केला." दुसऱ्या दिवशी, "आज जरा थांबलाय. जहाज निघालं वाटतं." निकिता पोट धरून हसायची. "येशील न्हवं?" विचारलं की म्हणायची, "आधी झोका तर उभा राहू दे."

आणि भाव काही उतरेना. पंचमी नऊ दिवसांवर आली. आज पाईप रोवले तर झोका, नाहीतर यंदाही ठणठणगोपाळ. आयुष्यात पहिल्यांदा धुरपदाबाईनं हार मानली. "द्या आप्पा, तुमच्या भावानं द्या. पाच जाड पाईप."

आप्पांनी आदल्या दिवशी आलेल्या नव्या मालाकडं बोट केलं. बाईनं पदर खोचला, एका पाईपाचं टोक खांद्यावर घेतलं आणि तिचा चेहराच बदलला. तिनं ते खाली ठेवलं. कोपऱ्यातल्या जुन्या मालातल्या पाईपाचं टोक उचललं. परत नव्याचं उचललं.

"आप्पा, ह्यो हलका हाय."

"छ्या! एकाच मापाचं हायेत. कागद बघा."

"कागद तुमी बघा. चाळीस वरीस कडब्याचं भारं व्हायलेत म्या. माझा खांदा खोटं बोलत न्हाय."

आप्पांनी हसत हसत पाईप वजनकाट्यावर चढवला, आणि हसू तोंडातच राहिलं. साडेचार किलो कमी! दुसरा चढवला, तोही तसाच. कारखान्यानं पाईपाची जाडी मारलेली, भाव मात्र जाडाचा. ट्रकभर माल त्यांनी कागदावर भरवसा ठेवून उतरवून घेतला होता.

"आक्का," ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "ह्यातला पाईप झोक्याला लावला असता अन् कुणी पडलं असतं, तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यो कोपऱ्यातला जुना माल न्या. जुना माल, जुना भाव."

"पयल्या दिवसाचा?"

"पयल्या दिवसाचा."

"त्यातबी थोडं..."

"आक्का!"

पंचमीला झोक्याचा पहिला मान धुरपदाबाईचा. कासोटा घट्ट मारून ती फळीवर उभी राहिली. बायकांनी ढकललं, झोका चढला, आणि पंधरा फुटांवरून तिला हायवे दिसला, फाटा दिसला, एसटी थांबलेली दिसली. एसटीतून बॅग घेऊन निळ्या साडीतली एक बाई उतरत होती.

"आली! माझी निकी आली! थांबवा गं!"

बायकांना वाटलं, बाई रंगात आली. त्यांनी आणखी जोरात ढकललं.

"अगं रांडांनो, थांबवा!" ती वर गेली की लेक दिसायची, खाली आली की गायब, आणि दर खेपेला जवळ आलेली. हसावं की रडावं तेच बाईला कळेना.

निकितानं बॅग भिरकावली आणि मंदावलेल्या फळीवर आईसमोर उडी मारून उभी राहिली. दोघींनी गुडघे वाकवून झोका पुन्हा चढवला.

"खरं सांगू, आई? झोका नसता तरी येणारच होते. रजा कधीच टाकली होती. रोज फोन करून पाईपाचा भाव सांगायचीस, कशासाठी ते मला कळत नव्हतं व्हय?"

"मग आधी सांगायचंस की, भवाने!" धुरपदाबाई आभाळाकडं जाता जाता ओरडली. "पाच पाईप घेतलं म्या!"