चार दिवसांचा हवापालट

हेमंत, मे महिन्याच्या त्या सकाळी तू गाडी ओट्यासमोर आणून लावलीस, तेव्हा ब्राह्मणपुरीतली कुत्रीसुद्धा उन्हाला भिऊन ट्रॅक्टरखाली जाऊन पडली होती आणि तुझी बायको माझ्या पिशवीत स्वेटर भरत होती. एक नव्हे, दोन. वर कानटोपी. मी म्हटलं, चार दिवसांसाठी एवढं कशाला? वैशाली मान वर न करता म्हणाली, "वर थंडी ऱ्हास, आई. ऱ्हाऊ द्या." तुझ्या लेकाच्या पिशवीत मात्र दोन हाफ पँटी आणि एक बॅट होती. मी तेव्हाच समजायला हवं होतं. पण तुझे बापू जाऊन वर्ष झालं होतं, वर्षभरात मी गाव सोडून कुठं गेले नव्हते आणि खरं सांगते, मला हौस वाटत होती.

कारण चांगलं होतं. मला खोकला. शहाद्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, हवापालट करा. तोरणमाळ आपल्या तालुक्याच्या डोक्यावर, घाट चढला की वेगळी हवा. डॉक्टरला ठाऊक नव्हतं ते गल्लीला ठाऊक होतं. बापू होते तोवर माझं आणि वैशालीचं भांडण त्यांच्या खाटेपाशी येऊन थांबायचं. ते गेले आणि भांडणाला थांबायला जागा उरली नाही. डाळीत गूळ घालायचा की नाही, इथपासून रोज सुरुवात. मी गप्प बसणारी बाई नाही. तीही नाही. तू मात्र दोघींच्या मधून मोबाइल बघत निघून जायचास.

चार दिवस झकास गेले. तलावात होडी झाली, सीताखाईच्या काठावर फोटो झाले, भजी झाली. पाचव्या दिवशी सकाळी तू माझी पिशवी हॉटेलातून काढलीस आणि गाडीत न ठेवता तलावाच्या पलीकडे एका खोलीवर नेलीस. शेजारी रुमली राहायची, पावरा आदिवासी बाई, खोली तिचीच. "आई, तुले वरनी हवा मानी ऱ्हायनी. खोकला पाह्य कितला कमी व्हयना. पानी पडस तोपावत ऱ्हाय," असं तू म्हणालास. खोकला खरंच कमी झाला होता. तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा नातवाने काचेतून हात हलवला. मीही हलवला आणि आत येऊन पाहिलं तर रुमलीची कोंबडी माझ्या गादीवर बसलेली.

पाऊस आला. तू फोन केलास. रेंज तलावाच्या बांधावरच येते, तेव्हा छत्री धरून मी तिथं उभी. "घाटमा दरड पडनी शे, आई. आते उतरू नको." दरड पडली होती, मी जीपवाल्याला विचारलं. मग दसरा. "घरले रंग दी ऱ्हायनूत, तुन्हा छातीले वास सहन व्हवाव नही." रंगही दिला जात होता, गावातल्या माणसाने सांगितलं. मग थंडी पडली, इतकी की सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवेना, आणि तेव्हा दोन्ही स्वेटर मी एकावर एक घातले. "आते मिरचीना सीझन शे, ठसका लागी." खाली मिरच्यांच्या पथाऱ्या पसरल्या असणार हे मलाही कळत होतं. तुझं एकही कारण खोटं नव्हतं. खोटी कारणं असती तर मी पहिल्या आठवड्यात जीप धरून खाली आले असते आणि ओट्यावर बसून तुझी शोभा केली असती. खऱ्या कारणांशी भांडता येत नाही, म्हणून मी सुट्टी वाढवत राहिले.

थंडीच्या आधी, दिवाळीला तू फराळ घेऊन आलास. एकटाच. वैशालीने शाल पाठवली होती, भगवी, चांगली ऊबदार. मी लगेच पांघरली. तू मला गोरखनाथाच्या मंदिराच्या पायरीवर बसवलंस, "आई, हासू नको, शांत बठ," म्हणालास आणि मोबाइलवर फोटो काढलेस. मला वाटलं, पोराला आईचा फोटो हवाय. मी शांत बसले.

घर सोडून गेलेली माणसं मागं राहिलेल्यांना लिहितात, तेव्हा लिहितात की आठवण येते, नाइलाज होता. मला तसं लिहिता येत नाही. मी घर सोडलं नाही. मला इथं आणून सोडलं. हवापालटाला, देवाला, मुलीकडे, आश्रमात पाठवलेल्या माझ्यासारख्या ज्या बाया कुठं कुठं बसल्या असतील, त्यांना एवढंच सांगते की पिशवीत काय भरलं जातंय ते बघत जा. माझ्या लग्नात निघताना माझे वडील म्हणाले होते, "बेटा, आते तेच घर तुन्हं. आठे येशी ते पाहुनी म्हनीसन येशी." ते खरं धरून मी ब्राह्मणपुरीत उभी हयात काढली. केळीच्या बागेत पाणी धरलं, ऊसतोडीच्या माणसांच्या भाकरी थापल्या, तुला वाढवलं, सासूशी भांडले, सुनेशी भांडले. घरात भांडतात. पाहुणा भांडत नाही.

आता महाशिवरात्रीचं सांगते, कारण ते तू गावाला कधीच सांगणार नाहीस.

यात्रेला अख्खा सपाटीचा मुलूख वर चढतो. तू म्हणाला होतास, "महाशिवरात्रीले येतस, मंग पाहू." मी आदल्या दिवशीच पिशवी भरली. तू आला नाहीस. गावाचा पिकअप आला, त्यात आपल्या शेजारची इमल होती. इमलशी माझं वैर सगळ्या गल्लीला माहीत आहे. तिच्या मोरीचं पाणी आमच्या ओट्याखालून जातं, त्यावरून आम्ही दोघींनी एकमेकींचं माहेर काढलं आहे, एकमेकींच्या पोरांना शाप दिले आहेत आणि संध्याकाळी एकमेकींकडून विरजण नेलं आहे. तिला गर्दीत पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की मी हाक मारली, "ए इमल, मोरी साफ करी का नही?"

इमलने मला पाहिलं. हातातला नारळ माझ्या पायांशी ठेवला, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि रस्त्यातच माझ्या पायांवर डोकं टेकलं.

"इमल, नाटक कसाले करस? ऊठ."

ती उठली नाही. "माय, मन्हा पोऱ्याना घरमा पाळना हालू दे," म्हणाली. तिच्या मागून पिकअपमधल्या बाया एकेक करून वाकू लागल्या. मी इमलला दंडाला धरून उभं केलं आणि विचारलं की काय चाललंय. तिने हात जोडले. "हेमंतनी सांगं आमले. तुम्हीन सर्वं सोडी दिन्हं म्हने. आते खाली येवाव नहीत." जन्मभर मला अगंतुगं करणारी ही बाई मला तुम्ही म्हणाली. मग तिने मोबाइल काढून दाखवला. गावाच्या ग्रुपवर माझा फोटो होता. पायरी, भगवी शाल, शांत चेहरा. खाली तू लिहिलं होतंस की आईने संसारातून मन काढून घेतलं, नाथांच्या चरणी राहायचं ठरवलं, आम्ही अडवलं नाही. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

मला राग आला म्हणणं कमी आहे. मी पिशवी उचलली आणि सरळ पिकअपमध्ये जाऊन बसले. त्यांनी मला मागं बसू दिलं नाही. पुढची सीट पुसून दिली. सगळा घाट उतरेपर्यंत मी सांगत होते की मी काही सोडलेलं नाही, मला माझ्या पोराने वर टाकलं आहे, आणि मागून बाया हळू आवाजात भजन म्हणत होत्या.

तू मला दारात पाहिलंस तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला. पण माझ्या मागं गल्ली होती. तू वाकलास. वैशाली तांब्या-ताट घेऊन आली आणि तिने माझे पाय धुतले. जिने मला कधी पाण्याचा पेला हातात दिला नाही, समोर आपटला, तिने माझे पाय पदराने पुसले. मला खुर्चीवर बसवलं. माझ्या खोलीत नातवाचं टेबल आणि एसी होता, माझी खाट नव्हती. मी स्वयंपाकघराकडे वळले तर वैशाली आडवी आली, "आई, तुम्ही कसाले? बसा ना." ताट आलं त्यात केळी, दूध आणि बिनमिठाचे साबुदाणे. फोडणीचा वास येत होता. आतमध्ये वांग्याचं भरीत होत होतं, माझ्यासाठी नाही.

मी ताट बाजूला सारलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "मी काहीच सोडेल नही शे. मले कांदा दे, भाकर दे. मन्ही खाट कोठे शे?"

मग कोपऱ्यावरचा म्हातारा हात जोडून म्हणाला, "मोठा माणसे असंच बोलतस." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जितकी ओरडले तितके ते वाकत गेले. मी इमलकडे पाहिलं. निदान तिने तरी म्हणावं की ही बाई लबाड आहे, मी हिला ओळखते. तिने डोळे मिटून घेतले होते. त्या क्षणी मला रडू आलं, आणि त्याचाही त्यांनी वेगळाच अर्थ घेतला.

सकाळी गाडी उभी होती. डिकीत गव्हाचं पोतं, तेलाचा डबा. घरात माझी खाटच नव्हती, मी पिशवी घेऊन बसले. घाटाच्या पहिल्या वळणावर मी विचारलं, असं का केलंस, तेव्हा तू रस्त्याकडे बघत बोललास, "मंग गावले काय सांगतू? मायले डोंगरवर टाकी उनू? तुन्हं आनी वैशालीनं एक चुल्हावर जमाव नही. मी काय करू?" इतक्या महिन्यांत हे पहिलं वाक्य तू मला मनातलं बोललास. हेच मे महिन्यात बोलला असतास तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या, रडले असते आणि कदाचित आपणहून वर राहिले असते.

मी म्हटलं, "मरेल माणूसले देव करतस, हेमंत. तू मले जित्तीच देव करी टाकं."

खोलीपाशी तू पोतं उतरवलंस आणि निघताना पुन्हा वाकलास, सवयीने. तिथं बघायला गल्ली नव्हती. मी पाय मागं घेतले.

दारात रुमली उभी होती. तिची पावरी बोली मला कळत नाही, माझी अहिराणी तिला अर्धी कळते. बाकीचं आम्ही बाजारातल्या मराठीत भागवतो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आली का, डोकरी. तुझं मिरचीचं झाड बकरीनं खाल्लं. कुंपण का नाही घातलं तू?"

बकरी तिची. झाड माझं. आणि कुंपण मी घालायचं. मी पिशवी तिथंच टाकली आणि तिला म्हटलं की बकरी बांधता येत नाही तर पाळतेस कशाला. ती म्हणाली, बकरीला पाय आहेत, ती चालणार. मी म्हटलं, मग तिचे पाय मोडते. ती म्हणाली, मोड बघू. पिकअपमध्ये आणि तुझ्या ओट्यावर ओरडून बसलेला माझा घसा तिथं चांगला मोकळा झाला. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मी बोललेलं ऐकून मलाच उत्तर देत होतं. चूल पेटवेपर्यंत आम्ही भांडत होतो. मग तिने डाळ आणून दिली, गूळ न घातलेली, आणि मी कांदा फोडला.

त्याला आता महिने झाले. होळीनंतर मोहाची फुलं पडली, ती वेचायला मी तिच्याबरोबर गेले आणि वाकून वाकून कंबर धरली. आता कैऱ्या आल्या आहेत. आम्ही दारात बसून कैऱ्या चिरतो आणि आमचुरासाठी पत्र्यावर वाळत घालतो. माझे काप जाड होतात असं तिचं म्हणणं आहे. शनिवार-रविवारी टुरिस्ट येतात, त्यांना मी भाकरी-ठेचा करून घालते. एकीने विचारलं, आजी तुम्ही इथल्याच का. मी म्हटलं, सुट्टीवर आले आहे. भगवी शाल रुमलीच्या बकरीच्या पिलाखाली अंथरली आहे. रात्रीच्या गारव्यात त्याला बरी पडते.

आणि परवा बांधावर तुझा फोन लागला. "आई, यंदा आम्ही सर्वा वर येतस. चार दिन." पोराला सुट्टी आहे, खाली ऊन आहे. कारण या वेळीही खरंच आहे.

या. बॅट आणा. पण एक ऐकून ठेव. माहेरात मला पाहुणी केलं, तुझ्या दारात देव केलं. इथं मला कोणी काही केलेलं नाही. इथं मी सकाळी उठते, शेजारीण माझ्यावर ओरडते, मी तिच्यावर ओरडते आणि दिवस सुरू होतो. याला मी आता घर म्हणते. तेव्हा दारात येऊन वाकलास तर तुला खुर्ची देईन, पाय धुवायला पाणी देईन, केळी आणि दूध देईन आणि दुसऱ्या सकाळी गाडीत बसवून देईन. भांडत आलास तर तुझ्यासाठी भाकर थापीन.