सोनगीरची सबा आणि बेबाबाईचे बिबडे

आमच्या सोनगीरात बातमी महामार्गावरच्या ट्रकांना मागे टाकते. नासीर गादीवाल्याच्या सबाने नववीच्या वर्गात, सरांनी नाव घेतलेलं नसताना, तीनदा उठून ‘हजर’ म्हटलं, ही बातमी शाळा सुटायच्या आत किल्ल्याखालच्या आमच्या गल्लीत पोचली होती. तिला तिखटमीठ लावणाऱ्यांत मीही होतो. खोटं कशाला बोलू?

पोरगी हुशार. बापाच्या दुकानात गादीला टाके घालता घालता बीजगणिताची सूत्रं पुटपुटायची. तिला मागून कुणी हाक मारतंय असं वाटू लागलं. वळून बघावं तर कुणी नाही. मग झोप उडाली. मैत्रिणी आपल्याबद्दलच बोलतात असं वाटायला लागलं. तशा त्या बोलतही होत्या म्हणा. शेवटी तिची शाळाच सुटली; वार्षिक परीक्षेला तेवढी कशीबशी जाऊन बसली.

आजी ताजबीने तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मनाचा मोठा आजार अजून झालेला नाही. पुढे होईल, किंवा होणारही नाही. आपण लक्ष ठेवू, दर पंधरा दिवसांनी या.” मग सबाकडे वळून म्हणाल्या, “आवाजाचं राहू दे. तुझा दिवस कसा जातो?”

सबाने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, “यंदा मला बिबड्यांना कुणी बोलावलं नाही.”

डॉक्टरीणबाई खानदेशातल्या नव्हत्या. त्यांना बिबडे म्हणजे काय ते सांगता सांगता ताजबी रडली.

तुम्हीही बाहेरचे असाल तर सांगतो. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रोज एका घरचे बिबडे असतात, म्हणजे ज्वारीचे पापड. सकाळी मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या पिठाचा दाट घाटा शिजतो आणि तो गरम आहे तोवर ओल्या फडक्यावर थापून खाटेवर वाळत टाकायचा. एकटीचं कामच नव्हे ते, अख्खी गल्ली लागते. सबाएवढा पातळ बिबडा कुणाला जमत नाही. तरी यंदा बायांनी तिला वगळलं. मनात वाईट काही नव्हतं. “पोरीले आराम पडू द्या,” असं बेबाबाईनेच ठरवलं होतं, आणि गल्लीत बेबाबाईचं ठरलं की ठरलं. त्या दयेने झालं असं, की पोरीला खऱ्या हाका यायच्या बंद झाल्या. नसलेल्या तेवढ्या उरल्या.

ताजबी एसटीतून उतरली ती थेट बेबाबाईच्या दारात. “मन्ही नातले काब्र बलावं नही?” माझ्या नातीला का नाही बोलावलं, एवढंच विचारलं. उद्याचे बिबडे बेबाबाईच्याच घरचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गल्लीने बेबाबाईची हाक ऐकली, “सबा, ये वं, घाटा थंड व्हयी ऱ्हायना!”

बारा बाया थापत होत्या. मी ओट्यावर घाटा-तेलाची ताटली घेऊन, अर्थात देखरेखीला. मध्येच सबाचा हात थांबला.

“बेबाबाई, तू आते माले हाक मारी का?”

सगळे हात थांबले. तिला काय ऐकू येतं, यावर गल्लीत महिनाभर कुजबुज चालली होती, आणि पोरीने ते सगळ्यांच्या मध्ये आणून ठेवलं. माझा घास तोंडात तसाच राहिला.

“नही वं,” बेबाबाई म्हणाली. “कोणीच नही मारी. तुन्हा बिबडा जाड व्हयना, इकडे ध्यान दे.”

“बरं,” म्हणाली सबा, आणि बिबडा पातळ केला.

त्या सकाळी तिने आणखी दोनदा विचारलं. एकदा उत्तर ‘नही’ आलं. दुसऱ्यांदा कुंदाबाई म्हणाली, “हाव, मी मारी. पानी आन.” सबा उठली आणि पाणी घेऊन आली.

मी सत्तरी ओलांडली. आपण ऐकलं ते खरंच कुणी बोललं होतं का, हे मी आजवर एकदाही कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर माझा बातम्यांचा निम्मा धंदा बसला असता. ही पंधरा वर्षांची पोर स्वतःच्याच कानाची साक्ष तपासून घेते, तीही बारा बायांसमोर, आणि पुन्हा कामाला लागते. सोनगीरचा किल्ला मी रोज बघतो. तिच्याकडे मात्र त्या दिवशी मान वर करून बघितलं.

आवाज गेलेला नाही. धुळ्याच्या खेपा चालू आहेत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सबा दहावीच्या वर्गात जाऊन बसली. हजेरी सुरू झाली तशी तिने शेजारच्या नाजमीनला विचारलं, “माझं नाव घेतलं?”

“अजून नाही.”

थोड्या वेळाने नाजमीनने कोपराने ढोसलं. “आता घेतलं.”

“हजर,” सबा म्हणाली. एकदाच.

ही बातमीही शाळा सुटायच्या आत गल्लीत आली. मी ऐकून घेतली आणि बसून राहिलो.

“नाना,” बेबाबाई म्हणाली, “आज तुम्ही तिखटमीठ काहीच लावं नही?”