मशीन मीच चालू केली

चाळकऱ्यांनो, चाळीच्या फळ्यावर मी फक्त संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची वेळ लिहायला आलो होतो. पण आज सकाळी मिलमध्ये जे झालं तेही खाली लिहितोय.

काल सकाळी माझी आणि शेजारच्या भिकाजीची रात्रपाळी संपली. आज सातला लगेच पहिली पाळी. आठवडाभर रात्री जागलेल्या माणसाला एका दिवसात रात्रीची झोप कुठली यायला?

भिकाजी बंद मशीनमध्ये हात घालून अडकलेला कापूस काढत होता. मी बटणापाशी होतो. उभ्या उभ्या माझा डोळा लागला आणि त्या गुंगीत मला "चालव" असं ऐकू आलं. तो काही बोललाच नव्हता. मी मशीन चालू केली. त्याची दोन बोटं गेली.

साहेबाने विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून चालू केलीस?"

मी म्हटलं, "त्यानेच सांगितलं."

भिकाजी शुद्धीवर नव्हता. साहेबाने त्याचाच निष्काळजीपणा लिहून घेतला. आता त्याची नोकरीही जाईल.

दुपारी इस्पितळात त्याच्या बायकोने मला हात जोडले. "भावजी, तुम्ही जवळ होतात म्हणून जीव तरी वाचला." मला तिच्याकडे बघवलं नाही.

उद्या साहेबाला खरं सांगणार आहे. मला काढलं तर काढू दे. पण झोपेचं मी एकट्यानेच सांगितलं तर कामचुकार ठरेन. रात्रपाळीवरून आज पहिल्या पाळीला आलेल्यांनो, तुम्हीच सांगा, मशीनपुढे तुमचा डोळा लागला नाही?

— विश्राम, खोली नंबर अकरा